ओळखीची खूण

चिठ्ठीकाकांचा गोंधळ उडाला नाही असा दिवस काकूंना आठवत नाही. आणि आपला गोंधळ उडालाय हे काकांनी कबूल केल्याचा दिवस तर कुणालाच आठवत नाही. चष्मा कपाळावर ठेवून ते चष्मा शोधायचे, आणि सापडला की म्हणायचे, "शोधत कुठे होतो? तपासत होतो." आता अशा माणसापुढे बोलणार तरी काय?

गंमत अशी की हाच माणूस एकतीस वर्षं बसस्थानकावरच्या 'हरवले-सापडले' खिडकीत बसून अख्ख्या शहराच्या वस्तू सांभाळत होता. बसमध्ये लोक काय काय विसरतात हे तुम्हाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. छत्र्या, डबे, चष्मे हे तर रोजचंच. एकदा दातांची कवळी आली, तीही फक्त वरची. एकदा पिंजऱ्यासकट पोपट आला आणि मालक मिळेपर्यंत चार दिवस तो खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला "पुढे सरका, पुढे सरका" म्हणत होता. आलेल्या प्रत्येक वस्तूला काका दोऱ्याने एक चिठ्ठी बांधत: नग क्रमांक, तारीख, कुठली बस, कुठली सीट, रंग, आणि सगळ्यात शेवटी ओळखीची खूण. 'मुठीजवळ दातांनी चावल्याचे चिन्ह.' 'झाकण उलटे लावल्यासच बसते.' त्यावरूनच त्यांना चिठ्ठीकाका हे नाव पडलं, आणि कानामागची पेन्सिल ही तर त्यांच्या अंगाचाच भाग झाली.

ही सवय घरीही आली. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या. काकू म्हणायच्या, "अहो, साखरेच्या डब्यावर 'साखर' कशाला लिहायला हवं? मुंग्यांनासुद्धा न वाचता कळतं."

काका म्हणायचे, "हं."

हा 'हं' जरा लक्षात ठेवा. काकांच्या संसाराचा सगळा कारभार त्या एका 'हं'वर चालला होता. लेकीने परीक्षेचा निकाल सांगितला, 'हं.' शेजारी वारले, 'हं.' काकूंनी नवीन पडदे लावले आणि विचारलं कसे दिसतात, 'हं.' त्या 'हं'चा अर्थ हो की नाही, ऐकलं की ऐकलं नाही, हे खुद्द काकांनाही सांगता आलं नसतं. ते कान दुसरीकडे आणि तोंड इथे ठेवून जगत होते, बस्स.

काकांच्या आयुष्यातली एकमेव कीर्ती म्हणजे नियम अकरा. पूर्वी पद्धत अशी होती की पिशवीत मालकाचं नाव सापडलं, तर ते भोंग्यावरून पुकारायचं. एकदा एक चांगली नवी सुटकेस आली. नाव पुकारलं तर एकाच नावाचे सात जण हजर! सातही जण शपथेवर सांगतात की सुटकेस माझीच. शेवटी ती भलत्याच माणसाने नेली आणि खरा मालक आठव्या दिवशी रडत आला. काकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं: नाव कधीही पुकारू नये. अर्धं वर्णन पुकारावं. उरलेली अर्धी खूण ताबा मागणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावी, तरच वस्तू द्यावी. वर एक वाक्यही घातलं: 'समोर दिसली म्हणून वस्तू आपली होत नाही.' वरच्या साहेबांना ते इतकं आवडलं की नियम अकरा म्हणून ते सगळ्या बसस्थानकांवर चौकटीत लागलं. माणूस हरवला तरी तोच नियम. नग तो नग.

तर असे हे काका तीन महिन्यांनी निवृत्त होणार होते, आणि आयुष्यभर बसस्थानकावर बसूनही त्यांनी स्वतः कधी लांबचा प्रवास केला नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! काकूंना मात्र फिरण्याची भारी हौस. फिरणं म्हणजे काय, तर घरापासून बाजारापर्यंत. पण तेवढ्यात त्यांना इतकं काही दिसायचं की विचारू नका. कुठल्या झाडाला पालवी फुटली, कुठल्या भिंतीच्या भोकात पाखराने काड्या आणल्या, मुंग्यांची रांग आज कुठून कुठे निघाली. परत आल्या की सगळं काकांना सांगायच्या. उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे.

डोंगरापलीकडे एक मोठं तळं होतं, तिथे लांबून पक्षी येतात असं काकूंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं. "जाऊ या का?" म्हणाल्या तेव्हा काका 'हं' म्हणाले होते. त्याला तेहेतीस वर्षं झाली. शेवटी लेकीनेच दोन तिकिटं काढली, तळ्याकाठी दोन दिवसांची खोली ठरवली आणि वडिलांना सांगितलं, "बाबा, आता गेला नाहीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

निघायच्या सकाळी काकू नेहमीप्रमाणे खिडकीशी पाच मिनिटं डोळे मिटून बसल्या. रोज बसायच्या. हात जोडत नसत, काही पुटपुटत नसत. काकांचा देवावर विश्वास होता की नव्हता हे त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. तो विषय बिनचिठ्ठीचा राहून गेला होता.

त्या दिवशी दुसऱ्या पायाचा मोजा शोधता शोधता त्यांनी विचारलं, "रोज कुणाशी बोलतेस गं?"

"तुमच्याशी तर नाही ना? मग कशाला चौकशी?"

"नाही, म्हणजे उत्तर बित्तर मिळतं का?"

"तुमच्याइतकंच मिळतं," काकू म्हणाल्या. "पण तो निदान ऐकून गप्प बसतो."

काकांना यात काहीतरी टोमणा आहे असं वाटलं, पण नेमका कुणाला हे कळेना. "तुझी श्रद्धा म्हणजे अगदी आंधळी," असं काहीतरी म्हणून ते मोज्याकडे वळले. काकू म्हणाल्या, "शर्टाचं वरचं बटण चुकलंय तुमचं." काका म्हणाले, "हं."

बस सकाळी आठला सुटली. तीन नग सामान: एक सुटकेस, एक कापडी पिशवी, एक डब्यांची पिशवी. तिन्हींना चिठ्ठ्या. दोघांचे मोबाईल काकांनी बॅटरी वाचावी म्हणून बंद करून रुमालात गुंडाळले आणि त्यावरही चिठ्ठी बांधली: 'मोबाईल, दोन नग.' ते गाठोडं गेलं सुटकेसच्या तळाशी. काकू म्हणाल्या, "माझा तरी जवळ राहू दे." काका म्हणाले, "तू हरवशील." म्हणजे मोबाईल हरवशील असं त्यांना म्हणायचं होतं. माणूस बोलतो एक आणि होतं भलतंच, ते असं.

साडेअकराला बस एका मोठ्या स्थानकावर थांबली. कंडक्टर ओरडला, "वीस मिनिटं! चहापाणी उरका!" बस रिकामी झाली. काका सामानाची राखण करत बसले. डब्यांच्या पिशवीच्या चिठ्ठीचा दोरा सुटला होता, तो बांधत होते. काकू उठल्या, दाराशी गेल्या, मागे वळून काहीतरी म्हणाल्या.

काका म्हणाले, "हं."

दोऱ्याला गाठ बसली. मग काकांनी खिडकीबाहेर बघत स्थानकातल्या फलाटांवरच्या पाट्यांमध्ये चुका शोधल्या, तीन सापडल्या. मग कंडक्टर आला, माणसं आली, सीटा भरल्या. काकांच्या शेजारची सीट भरली नाही.

"चला, सगळे आले का?"

"थांबा," काका म्हणाले, "आमची मंडळी यायचीय."

पाच मिनिटं झाली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. कंडक्टर म्हणाला, "काका, कुठे गेल्यात काकू?"

आणि इथे काकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण काकू जाताना सांगून गेल्या होत्या. स्वच्छ शब्दांत सांगून गेल्या होत्या. आवाज आठवत होता, दाराशी वळलेली मान आठवत होती, पण शब्द? एक अक्षर आठवेना. एकतीस वर्षांपूर्वीच्या छत्रीची मूठ आठवते आणि वीस मिनिटांपूर्वीची बायको आठवत नाही! काका आठवायचा जितका प्रयत्न करत, तितकं ते पोपटाचं 'पुढे सरका, पुढे सरका' मध्ये येई.

"मी बघून येतो," म्हणून ते उतरले. चहाच्या टपरीवर बघितलं, बायकांच्या खोलीबाहेर उभं राहून हाका मारल्या, आतून दोघीतिघींनी "कोण मेला ओरडतोय?" म्हणून झापलं. परत आले तर कंडक्टरने हात जोडले. "काका, पन्नास माणसं खोळंबलीत. पुढची बस दीड तासाने आहे, याच तिकिटावर जा. मी लिहून देतो." त्याने तिन्ही नग उतरवून दिले, आणि बस गेली.

आता काका त्या अनोळखी स्थानकावर तीन नगांमध्ये उभे. चौथा नग गायब. सुटकेसमध्ये मोबाईल होते, पण काकूंचा मोबाईल आपल्याचपाशी, मग फोन करायचा कुणाला, असा त्यांनी विचार केला. आपला चालू केला तर काकू कुठून तरी आपल्याला फोन करू शकतील, हे त्या डोक्यात शिरलं नाही. शिरायला जागाच नव्हती. डोक्यात नुसता कल्ला चालला होता. रागावून उतरून गेली असेल का? सकाळी मोबाईलवरून म्हणालो त्याचं वाईट वाटलं? की तेहेतीस वर्षांचं सगळंच एकदम वाटलं? चक्कर आली असेल? दुसऱ्याच बसमध्ये बसली असेल? ही भीती काकांना नवीन होती. वस्तू हरवली की लोक खिडकीपाशी का रडतात हे त्यांना कधी कळलं नव्हतं. ते म्हणायचे, "रडू नका, रंग सांगा."

चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने वर न बघता एक फॉर्म पुढे सरकवला. "माणूस हरवला ना? हे भरा आणि शेवटच्या टोकाला 'हरवले-सापडले'त द्या."

आपल्याच खात्याच्या खिडकीवर, आपणच, हरवल्याची तक्रार घेऊन? तिथे चौकटीत आपला नियम लागलेला असणार! पण गरजवंताला अक्कल नसते. ते फॉर्म घेऊन बाकावर बसले. शेजारी एक फळवाली टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. काकांनी पेन्सिलीसाठी खिसे चाचपले. शर्टाचा खिसा, पँटचे दोन्ही, मागचा. पेन्सिल नाही.

"पेन्सिलही हरवली," ते हताश होऊन म्हणाले.

फळवालीने त्यांच्याकडे, जरा त्यांच्या कानाकडेच, बघितलं, काही बोलणार होती, पण मग कमरेचं पेन काढून दिलं. दुःखातल्या माणसाशी कोण वाद घालतो?

वय: पंचावन्न. हे जमलं. कपड्यांचा रंग? काका थांबले. हिरवा? हिरवा तर लेकीच्या लग्नातला. सकाळी खिडकीशी बसली होती तेव्हा... तेव्हा आपण मोजा शोधत होतो. उंची? आपल्या खांद्याला लागते की कानाला? केस पांढरे किती, काळे किती? चालण्याची ढब? आणि शेवटचा रकाना, ज्याचा शोध त्यांनीच लावला होता: ओळखीची खूण.

बाकीचा फॉर्म कोराच राहिला. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी तो खिडकीतून परत केला असता. 'अपुरी माहिती. नीट आठवून या.' असं किती जणांना परत पाठवलं असेल आपण? त्यातली किती जण बाहेर अशाच बाकावर येऊन बसली असतील?

मग काकांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. डोळे मिटले. पण पुढचं माहीत नव्हतं. अर्ज करायचा तर कुणाच्या नावाने करायचा? 'माननीय' म्हणायचं का? शेवटी मनात म्हणाले, 'ज्यांच्याकडे हे खातं असेल त्यांना. माझी बायको मिळू दे. त्या बदल्यात मी साखर सोडतो.' मग आठवलं की साखर डॉक्टरांनी आधीच सोडायला लावलीय. ही तर फसवणूक झाली. 'चहा सोडतो.' पण चहा ती करते, तीच नाही तर चहा कुठला? म्हणजे तेही काही खरं नाही. काकांना वाटलं, आपल्याकडे सोडण्याजोगं काहीच नाही, सगळं तिच्याच हातचं आहे. 'तुम्हीच सांगा काय ते,' ते म्हणाले, 'पण ती मिळू दे हो.'

आणि त्याच क्षणी भोंगा खरखरला.

"सूचना. एक गृहस्थ हरवले आहेत. वय अठ्ठावन्न. अंगात फिकट निळा शर्ट, वरचं बटण चुकीच्या काजात. उजव्या कानामागे पेन्सिल. चेहरा गोंधळलेला. कुणाला आढळल्यास 'हरवले-सापडले' खिडकीवर आणावे."

काकांनी चिडून डोळे उघडले. इथे माणूस नवस बोलतोय आणि मध्येच हे काय? पण सवय वाईट असते. वर्णन कानावर पडलं की त्यांचा जीव स्वस्थ बसायचा नाही. 'बिचारा,' त्यांना वाटलं. 'त्याची बायको वाट बघत असेल. निदान त्याचं वर्णन तरी करता आलं तिला!' आणि स्वतःचं दुःख बाजूला ठेवून ते उभे राहिले आणि फलाटभर नजर फिरवायला लागले. तो जिन्यापाशी उभा? त्याचा शर्ट पट्ट्यांचा. तो टपरीवरचा? त्याच्या कानामागे विडी. तो वर्तमानपत्रवाला? निळा शर्ट आहे, पण चेहरा कसा, अगदी शांत. आपला शर्ट करडा आहे असं काका गेली चार वर्षं समजून चालले होते, आणि आपल्या चेहऱ्याबद्दल तर त्यांना शंकाच नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वरच्या खात्याने अर्ज हातोहात मंजूर केला होता, आणि अर्जदार तो कागद घेऊन दुसऱ्यालाच शोधत फिरत होता.

भोंगा पुन्हा खरखरला. "सूचना. हरवलेल्या गृहस्थांची आणखी एक खूण कळवण्यात येत आहे. काहीही विचारलं तरी 'हं' म्हणतात."

फळवालीने टोपलीवरचा हात काढला. काकांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "काका, ते तुम्हीच नव्हे ना?"

"हं," काका म्हणाले. नजर अजून फलाटावर.

"अरे देवा!" फळवालीने कपाळाला हात लावला. मग सरळ उठून त्यांच्या कानामागची पेन्सिल काढली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. "हे काय आहे?"

काका पेन्सिलीकडे बघत राहिले. मग शर्टाकडे. मग बटणाकडे. एवढा वेळ लागावा माणसाला स्वतःला ओळखायला! मग तीन नग उचलून जे पळत सुटले, ते बसस्थानकाच्या शेवटच्या टोकापर्यंत थांबलेच नाहीत. मागून फळवाली ओरडत होती, "पेन द्या माझं!"

खिडकीच्या आत, खुर्चीवर, हातात चहाचा कप घेऊन काकू बसल्या होत्या. नीट, सुखरूप. साडी तपकिरी होती. तपकिरी!

"अगं!" काका म्हणाले.

खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यातून वर बघितलं. वयाने मध्यम, चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती. "काय हरवलंय?"

"माझी बायको."

"वर्णन?"

"अहो, ती काय समोर बसलीय!"

बाईंनी पेनाने मागच्या भिंतीकडे खूण केली. चौकटीत, मोठ्या अक्षरात: 'समोर दिसली म्हणून वस्तू आपली होत नाही.' "नियम अकरा," त्या म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलाय म्हणे. काकूंनी सांगितलं. मग तुम्हाला तर सवलत नकोच असणार. ओळखीची खूण सांगा."

बाई थट्टा करतायत की खरंच विचारतायत हे काकांना कळेना. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकू हसत नव्हत्या. कप अर्ध्यावर धरून त्या काकांच्या तोंडाकडे बघत होत्या. वाट बघत होत्या त्या, उत्तराची. परीक्षा दिलेल्या पोरीने निकालाकडे बघावं, तशा.

"डाव्या गालावर तीळ," काका घाईने म्हणाले.

"तो तुमच्या आईंच्या गालावर होता," काकू हळूच म्हणाल्या, आणि कप खाली ठेवला.

काकांना अशी लाज वाटली की जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. "मला नाही सांगता येत," ते बाईंना म्हणाले. आवाज चिरकला. "लोकांच्या कवळीतले दात मोजून ठेवलेत मी, बाई. पण हिची खूण मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. तुम्ही ताबा देऊ नका. नियमाने बरोबर आहे तुमचं."

बाईंचं पेन थांबलं. आता गोंधळ त्यांचा उडाला. त्यांनी बहुधा थोडी गंमतच करायचं ठरवलं होतं, आणि समोर एक अठ्ठावन्न वर्षांचा माणूस डोळे पुसत उभा होता.

काकू उठल्या. "द्या बाई इकडे ते रजिस्टर," त्या म्हणाल्या. "मला कशाला ताब्यात घ्यायचंय? मी कुठे हरवले होते? तक्रार मी नोंदवलीय. हरवले होते ते हे." आणि त्यांनी ताबा घेणाऱ्याच्या रकान्यात सही ठोकली. बाईंनी नियमाप्रमाणे बाकीचं भरलं: नग एक. स्थिती: जुना, चालू.

पुढच्या बसला अजून पाऊण तास होता. फळवालीचं पेन परत करून दोघं तिच्याच शेजारी बाकावर बसली. मोबाईल बंद ठेवल्याबद्दल काकूंनी जे काय ऐकवायचं ते ऐकवलं, दहादा फोन लावला खिडकीवरून, बंद आहे, बंद आहे, डोकं फिरायची वेळ आली, माणूस गाडीखाली आला की काय असं नाही नाही ते मनात आलं. काका खाली मान घालून ऐकत होते. 'हं' म्हणायचीसुद्धा भीती वाटत होती.

काकू गप्प झाल्यावर त्यांनी विचारलं, "मघाशी बसमधून उतरताना तू काय म्हणालीस?"

"आता सांगून काय उपयोग?"

"तरी सांग."

काकू टोपलीतल्या फळांकडे बघत होत्या. "बसमधूनच दिसलं होतं मला. त्या मागच्या भिंतीपाशी झाड आहे, त्यावर घरटं आहे, पिल्लं चोची उघडून बसलीत. मी म्हटलं, तुम्हीपण चला ना, दाखवते. तुम्ही 'हं' म्हणालात."

काकांना ती दोऱ्याची गाठ आठवली. "आणि मग?"

"मग काय? हं म्हणालात म्हणजे येताय, म्हणून थांबले झाडाखाली. वाटलं, सामान लावून येत असतील. थांबले, थांबले. बस गेल्याचा आवाज आला तेव्हा धावत आले. टपरीवाला म्हणाला, तुम्ही सामान घेऊन उतरलात, पण तुम्ही कुठेच दिसेना." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "सकाळी म्हणालात ना, माझी श्रद्धा आंधळी आहे म्हणून? खरंय हो तुमचं. तेहेतीस वर्षं झाली, अजून तुमच्या 'हं'वर विश्वास ठेवते मी."

काका उठले. त्यांनी तिन्ही नग फळवालीच्या टोपलीशी ठेवले. "बघशील का जरा?" एवढंच म्हणाले. मोजले नाहीत, चिठ्ठ्या तपासल्या नाहीत. मग काकूंना म्हणाले, "चल."

"कुठे?"

"घरटं बघायला."

भिंतीपाशी झाड होतं, फार मोठं नव्हतं, पण गच्च पानांचं. काकूंनी बोट वर केलं. "ती फांदी, तिच्यावर दुसरी, तिथे बेचक्यात. दिसलं?"

काका डोळे ताणून बघत होते. पानं, पानं आणि पानं. आजवर अशा वेळी ते काय म्हणत आले हे सांगायला नको. ते अक्षर आत्ताही ओठांपर्यंत आलं. काकांनी ते गिळलं.

"नाही दिसलं," ते म्हणाले.

काकू चमकून त्यांच्याकडे बघायला लागल्या. मग पुन्हा बोट वर केलं. "अहो, बोटाच्या टोकाकडे बघू नका. माझं बोट वाकडं आहे ना? टोकाच्या जरा डावीकडे बघा."

काकांनी बोटाकडे बघितलं. खरंच, शेवटच्या पेरापाशी ते उजवीकडे वळलं होतं. चांगलं ठळक, कुणालाही दिसेल असं.

"हे कधी झालं?"

"जन्मापासून आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी ते बोट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. वर कुठेतरी पिल्लं ओरडत होती.

"परत दाखव," ते म्हणाले.